‘तुम्ही कुठले?’ : एका साध्या प्रश्नाचे संशोधन

एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस आपल्याला पहिला प्रश्न विचारतो तो, ‘तुम्ही कुठले?’ उत्तर खरे तर एकच असायला हवे. पण आपण दर वेळी वेगळे उत्तर देतो. दारव्ह्याच्या गाडीत आपण गावाचे नाव सांगतो. अमरावतीला गेलो की तालुका सांगतो. पुण्यात ‘यवतमाळ’ म्हणतो, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही तर ‘नागपूरकडे’ अशी पुस्ती जोडतो. दिल्लीत आपण महाराष्ट्राचे होतो आणि परदेशात भारताचे. माणूस तोच असतो, पण आपण कोणाचे याचे उत्तर समोर कोण आहे यावर बदलत जाते.

मानसशास्त्रात याला ‘सामाजिक ओळख’ म्हणतात. मी कोण, या प्रश्नाच्या उत्तराचा जो भाग गाव, जात, भाषा, धर्म, धंदा, शाळा अशा कुठल्यातरी गटाकडून येतो, ती आपली सामाजिक ओळख. तिची जुळी बहीण म्हणजे आपलेपणाची भावना. ‘मी यांच्यातला आहे’ ही झाली ओळख. ‘हे मला आपल्यातला मानतात’ असे वाटणे हा झाला आपलेपणा. दोन्ही नेहमी बरोबर असतातच असे नाही. वसतिगृहाच्या हजेरीपटावर नाव असते, पण जेवणाच्या पंगतीत शेजारी कोणी बसत नाही, असे होऊ शकते. या दोहोंमधल्या अंतरात माणसाचे बरेच सुखदुःख सामावलेले असते.

जिल्ह्यातल्या पदवीच्या वर्गांना मी बरीच वर्षे मानसशास्त्र शिकवतो आहे. विद्यार्थी दरवर्षी विचारतात, ‘सर, संशोधन म्हणजे मोठी प्रयोगशाळा, यंत्रे, इंग्रजी. आपल्याकडे काय होणार?’ माझे उत्तर असे की, या विषयाची प्रयोगशाळा आपल्या दाराबाहेरच आहे. ती कशी आणि तिच्यात शिरायच्या वाटा कोणत्या, हे आज सांगायचे आहे.

चित्रे, टिंबे आणि पैसे

या विषयाचा पाया घालणाऱ्या माणसापासून सुरुवात करू. हेन्री ताजफेल यांचा जन्म १९१९ सालचा, पोलंडमधल्या ज्यू कुटुंबातला. तिथल्या विद्यापीठांत ज्यूंना प्रवेश मिळणे कठीण, म्हणून ते शिकायला फ्रान्सला गेले. महायुद्धात फ्रेंच सैन्यात भरती झाले आणि १९४० मध्ये जर्मनांच्या कैदेत सापडले. आपण ज्यू आहोत हे त्यांनी लपवले नाही, मात्र पोलंडचे आहोत हे सांगितले नाही. त्यांना फ्रेंच युद्धकैदी समजण्यात आले आणि ते वाचले. युद्ध संपले तेव्हा पोलंडमधले त्यांचे बहुतेक आप्त मारले गेले होते. माणूस तोच, स्वभाव तोच, पण कोणत्या गटात मोजला गेला यावर जगणे-मरणे ठरले. पुढे मानसशास्त्रज्ञ झाल्यावर त्यांनी हाच प्रश्न अभ्यासाला घेतला.

इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात त्यांनी शाळेतल्या १४-१५ वर्षांच्या मुलांवर प्रयोग केले. ते १९७० आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. एका प्रयोगात मुलांना दोन चित्रकारांची चित्रे दाखवली, एक क्ले आणि दुसरे कँडिन्स्की. ‘तुला क्लेची चित्रे आवडली, तू क्ले गटात’ असे प्रत्येकाला सांगण्यात आले. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली होती. गटात आणखी कोण आहे हे कोणाला माहीत नव्हते. गटांत जुने भांडण नव्हते आणि गप्पाही झालेल्या नव्हत्या. मग प्रत्येकाला इतर मुलांमध्ये थोडे पैसे वाटायला दिले. स्वतःला काही घ्यायचे नव्हते. तरीही मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. एवढेच नव्हे, आपल्या गटाला जास्त पैसे मिळण्याचा पर्याय समोर असताना, दुसऱ्या गटापेक्षा आपण पुढे राहू असा पर्याय अनेकांनी निवडला. थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण त्यांच्यापेक्षा जास्त हवे!

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ज्याने वॉर्डावॉर्डांतली चढाओढ पाहिली आहे त्याला यात नवल वाटणार नाही. नवल एवढेच की, त्यासाठी जुने वैर लागत नाही. नुसते नाव दिले तरी पुरते.

ताजफेल आणि त्यांचे सहकारी जॉन टर्नर यांनी १९७९ मध्ये याचा सिद्धान्त मांडला. आपल्याला स्वतःविषयी बरे वाटावे असे वाटते, आणि त्यातला मोठा वाटा आपला गट किती मानाचा आहे यातून येतो. मग गटाकडे कमीपणाने पाहिले जात असेल तर माणूस काय करतो? या सिद्धान्तात तीन वाटा सांगितल्या आहेत. तिन्ही आपल्या जिल्ह्यात दिसतात.

जिल्ह्याच्या कपाळावरची पाटी

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून यवतमाळच्या नावापुढे एक विशेषण चिकटले, ‘आत्महत्याग्रस्त’. २००६ च्या जून महिन्याअखेरीस तत्कालीन पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्या सहांत यवतमाळ होते. तेव्हापासून आमचा मुलगा पुण्याच्या वसतिगृहात गेला की ‘अरे, तुमच्याकडेच ना त्या आत्महत्या?’ हा प्रश्न त्याच्या आधी तिथे पोहोचलेला असतो.

तो पहिली वाट घेऊ शकतो, ती निसटण्याची. गावाचे नाव टाळायचे, ‘नागपूरचा’ म्हणायचे. ‘मी येऊन राहिलो’, ‘तू काय करून राहिला’ ही आपल्याकडची बोलण्याची लकब दोन महिन्यांत गाळून टाकायची. माझ्या एका विद्यार्थ्याने सांगितले होते, ‘सर, कोणी हसू नये म्हणून पहिले काही दिवस मी बोलणेच कमी केले.’ ही वाट एकट्याची सोय करते, पण पाटी जागच्या जागी राहते.

दुसरी वाट ओळखीचा अर्थ बदलण्याची. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. त्याचे उद्घाटन जिल्ह्यातल्याच वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. त्या शेतकरी कुटुंबातल्या. पतीने आत्महत्या केलेली. ज्या ओळखीकडे आजवर कीव करून पाहिले गेले, तीच ओळख घेऊन एक बाई साहित्याच्या मंचावर उभी राहिली.

तिसरी वाट संघर्षाची. ‘आमचा गट खाली का?’ असा प्रश्न मोर्चा काढून, न्यायालयात जाऊन, मतपेटीतून विचारायचा.

आता संशोधनाचा प्रश्न पाहा. आपल्या जिल्ह्यातले विद्यार्थी बाहेर गेल्यावर यांपैकी कोणती वाट धरतात? मुली आणि मुलगे यांत फरक पडतो का? गावाकडचे दोन-चार जण सोबत असले तर वाट बदलते का? याची उत्तरे अंदाजाने देता येतील, पण अंदाज म्हणजे संशोधन नव्हे. पन्नास-साठ जणांना सारखेच प्रश्न विचारून, उत्तरे नीट नोंदवून पाहिले तर त्याला संशोधन म्हणता येईल.

नाव पुकारले, आणि हात थबकला

हा विषय नुसत्या कुतूहलाचा नाही. वर्ल्ड बँकेच्या कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलांवर एक प्रयोग केला. २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्मी मुले तथाकथित उच्च जातींची आणि निम्मी दलित. मुलांना कागदावरची भुलभुलैया कोडी सोडवायची होती आणि सुटलेल्या कोड्यांप्रमाणे पैसे मिळणार होते. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी जवळपास सारखी होती. नंतर दुसऱ्या तुकड्यांमध्ये कोडी देण्याआधी प्रत्येक मुलाचे नाव, गाव, वडिलांचे नाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली. तिथे दलित मुलांची कामगिरी स्पष्ट घसरली. कोडी आणि बक्षिसे तशीच होती. फरक फक्त मोठ्याने वाचलेल्या एका शब्दाचा होता.

आता आपल्या वर्गाकडे वळा. ‘शिष्यवृत्तीचे फॉर्म भरणारे उभे राहा’ असे वर्षातून किती वेळा पुकारले जाते? हेतू चांगलाच असतो. पण उभे राहणाऱ्या मुलाला त्या क्षणी काय वाटते आणि पुढच्या तासाला त्याचे लक्ष कुठे असते, हे कोणी मोजले आहे? एखाद्या महाविद्यालयाने हीच सूचना फलकावर लावली आणि दुसऱ्याने वर्गात पुकारली, तर विद्यार्थ्यांच्या आपलेपणात फरक पडतो का? एम.ए.च्या विद्यार्थ्याला एका वर्षात करता येईल असा हा अभ्यास आहे. खर्च झेरॉक्सचा. निष्कर्ष काहीही आला तरी तो उद्या सकाळी प्राचार्यांच्या उपयोगाचा.

आपलेपणाच्या बाजूनेही असेच काम झाले आहे. रॉय बाउमाइस्टर आणि मार्क लिअरी यांनी १९९५ मध्ये असे मांडले की, कुणाचे तरी असणे ही माणसाची अन्नासारखीच मूलभूत गरज आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठातला प्रयोग प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तासाभरात एवढेच पटवून दिले की, ‘इथे परके वाटणे सर्वांच्याच वाट्याला येते आणि काळाबरोबर ते कमी होते.’ पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढलेले दिसले. मात्र २०२३ मध्ये २२ संस्थांमधल्या सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांवर हाच उपाय तपासला तेव्हा एक महत्त्वाची अट कळली. जिथे त्या गटातल्या मुलांना खरोखरच सामावून घेतले जात होते, तिथेच त्याचा उपयोग झाला. म्हणजे ‘मनाची समजूत घाल’ एवढे सांगून भागत नाही. ज्या घरात बोलावतो त्या घराचे दार उघडे असावे लागते.

पोड, तांडा आणि खाणीचे गाव

आपला जिल्हा या अभ्यासाला किती अनुकूल आहे हे आपल्या लक्षात येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजारांच्या घरात होती आणि त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण १८ टक्क्यांहून अधिक होते. कोलाम, गोंड, परधान, आंध हे सारे इथे आहेत. महाराष्ट्रात कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या आहेत. त्यांपैकी कोलामांचे पोड केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या भागांत आहेत. कोलामी ही द्राविड कुळातली भाषा. पोडावरचे मूल आश्रमशाळेत येते तेव्हा पुस्तक मराठी, गुरुजी मराठी, आणि घरची बोली मात्र मराठीच्या कुळातलीसुद्धा नाही. त्या मुलाला शाळा आपली कधी वाटू लागते? वर्गात रोज दहा मिनिटे त्याची बोली ऐकू आली तर काही बदलते का?

पुसद, दिग्रस, महागाव, उमरखेड या भागांत बंजारा तांडे आहेत. पैनगंगेच्या अलीकडचा बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतो. पलीकडे तेलंगणात त्याचाच सोयरा १९७६ च्या कायद्यापासून अनुसूचित जमातीत आहे. भाषा एक, सेवालाल महाराज एक, तीज एक, पण कागदावरची ओळख दोन. २०२५ मध्ये हा प्रश्न मोर्चांच्या रूपाने महाराष्ट्राच्या रस्त्यावर आला, तसा त्याला आदिवासी संघटनांचा विरोधही झाला. कोण बरोबर हे ठरवणे विद्यार्थ्याचे काम नाही. सरकारी दाखल्यावरची ओळख आणि तांड्यातली ओळख माणसाच्या मनात एकमेकींशी कशा नांदतात, हे मात्र त्याने जरूर विचारावे.

वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत. तिथे परप्रांतातून आलेले कामगार आहेत आणि जमीन गेलेले मूळचे शेतकरीही. दरवर्षी ऊसतोडीला जाऊन चार-पाच महिन्यांनी परतणारी कुटुंबे आहेत. त्यांची मुले कोणत्या शाळेची? जिल्ह्याची ओळखसुद्धा स्थिर नाही. ब्रिटिश अमदानीत हा ‘वणी’ जिल्हा होता. १९०५ मध्ये तो यवतमाळ झाला. वऱ्हाड, मध्यप्रांत, द्विभाषिक मुंबई, महाराष्ट्र असा पत्ता शंभर वर्षांत अनेकदा बदलला. आजोबा स्वतःला वऱ्हाडी म्हणत आणि नातू विदर्भाचा म्हणतो. तीन पिढ्यांना समोर बसवून हा फरक विचारणे हासुद्धा एक प्रकल्प होईल.

याचे महत्त्व आपल्या जिल्ह्यापुरते नाही. २०१० मध्ये जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ‘मानवी मन’ या नावाने जे ज्ञान जगभर शिकवले जाते ते बहुतांशी पाश्चात्त्य, सुशिक्षित, सुखवस्तू लोकांच्या, त्यातही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासावर उभे आहे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले तेव्हा निम्म्याहून कमी अभ्यासांत मूळचा निष्कर्ष पुन्हा मिळाला. म्हणून जुना प्रयोग पोडावर, तांड्यात, जिनिंगच्या कामगारांत पुन्हा करून पाहणे याला कोणी नक्कल म्हणू नये. ज्ञानाची ती खरी कसोटी आहे.

बांगड्या, वही आणि एक प्रश्न

साधने कोणती लागतात? दोन सांगतो. मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड यांची १९५४ सालची ‘मी कोण?’ चाचणी. कागदावर वीस ओळी, प्रत्येकीची सुरुवात ‘मी’. जे सुचेल ते लिहायचे. ‘मी शेतकऱ्याची मुलगी’, ‘मी गोरमाटी’, ‘मी हळवी’. गटाची ओळख कितव्या ओळीत येते आणि स्वभाव कितव्या ओळीत, हे मोजायचे. हीच चाचणी एका गटाने मराठीत आणि दुसऱ्याने घरच्या बोलीत दिली तर उत्तरे बदलतात का, तेही पाहता येते.

दुसरे साधन आर्थर अॅरन आणि सहकाऱ्यांचे, १९९२ सालचे. वर्तुळांच्या सात जोड्या असतात. पहिल्या जोडीतली वर्तुळे सुटी, पुढे पुढे एकमेकांत अधिकाधिक शिरलेली. ‘तुम्ही आणि तुमचे गाव कसे आहात?’ असे विचारायचे आणि एका जोडीवर बोट ठेवायला सांगायचे. अक्षरओळख नसलेल्या आजीबाईंनाही हे जमते. वर्गात सराव करताना आम्ही कागदाऐवजी दोन बांगड्या वापरतो. आजीने बांगड्या किती एकमेकींवर ठेवल्या ते पट्टीने मोजायचे.

खरी मेहनत भाषेची आहे. इंग्रजी प्रश्नावलीतल्या एका शब्दासाठी मराठीत आपलेपणा, आपुलकी, जिव्हाळा, सामावून घेणे असे चार शब्द आहेत आणि चौघांचा अर्थ वेगळा. गावात तर माणूस म्हणतो, ‘ते आम्हाले आपल्यात धरत नाहीत.’ प्रश्नावलीत हेच वाक्य हवे. म्हणून एकाने मराठी करायची, मूळ इंग्रजी न पाहता दुसऱ्याने तिचे पुन्हा इंग्रजी करायचे, आणि दोन्ही ताडून पाहायच्या, अशी पद्धत आहे. या कामात पोडावरचा, तांड्यावरचा विद्यार्थी शहरी प्राध्यापकाच्या पुढे असतो. त्याची बोली ही अडचण नाही, ते त्याचे भांडवल आहे.

याचे एक मोठे उदाहरण प्रयागच्या माघमेळ्याचे. महिनाभर गंगाकाठी थंडीत राहणाऱ्या कल्पवासींचा अभ्यास भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी मिळून केला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात दिसले की, इतकी गर्दी, गोंगाट, थंडी असूनही मेळ्याला जाऊन आलेल्यांना आपली तब्येत सुधारल्यासारखी वाटत होती. तिथे राहणाऱ्यांना एकमेकांविषयी वाटणारी ‘आपण सारे एक’ ही भावना त्यामागे असल्याचे या संशोधकांचे प्रतिपादन आहे. असे काम लोकांच्या भाषेत बोलणारी माणसे असल्याशिवाय होत नाही. पंढरीची वारी आणि पोहरादेवीची यात्रा आपल्या इतक्या जवळ आहेत!

वाटा कोणत्या?

आता संधींबद्दल. पदवीच्या पातळीवर नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या अभ्यासक्रमात ‘संशोधनासह ऑनर्स’ अशी पदवी आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प घेता येतो. महाविद्यालयात मार्गदर्शक आणि सोय आहे का, हे आधी विचारून घ्यावे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले आहे. त्याआधीच्या वर्षांतही क्षेत्रप्रकल्प असतातच. ते केवळ गुणांसाठी उरकू नयेत.

‘आविष्कार’ ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा राज्यपालांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ पासून होत आली आहे. पदवीचा विद्यार्थीही तीत भाग घेऊ शकतो आणि मानव्यविद्यांसाठी वेगळा गट आहे. विद्यापीठ पातळीवर निवड झाली की राज्य पातळीवर जाता येते. बक्षीस मिळो न मिळो, परीक्षकांपुढे पोस्टर लावून दहा मिनिटे बोलण्याने जे शिकायला मिळते ते वर्गात मिळत नाही.

पदव्युत्तर पातळीवर लघुप्रबंध असतो. पुढे पीएच.डी. करायची तर २०२४ पासून यूजीसीच्या ‘नेट’ परीक्षेचे गुण प्रवेशासाठीही धरले जातात. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर दरमहा रक्कम मिळते. जानेवारी २०२३ पासून ती ३७ हजार रुपये करण्यात आली. याशिवाय अनुसूचित जातींसाठी पुण्याची ‘बार्टी’, आदिवासींसाठी १९६२ मध्ये स्थापन झालेली पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, मराठा-कुणबी समाजासाठी ‘सारथी’, आणि इतर मागास, विमुक्त व भटक्यांसाठी नागपूरची ‘महाज्योती’ या राज्याच्या संस्था आहेत. दिल्लीची भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद सर्वांसाठी आहे. तिचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठात आहे. अटी, रकमा आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. ऐकीव माहितीवर राहू नये.

विचारण्याआधी

या अभ्यासात आपण माणसाच्या नाजूक जागेला हात लावतो. म्हणून काही पथ्ये आहेत. आधी संमती घ्यायची, आणि तीही त्याला कळेल अशा भाषेत. ‘नाही म्हटले तरी चालेल’ हे वाक्य मोठ्याने सांगायचे. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची परवानगी हवी आणि मुलाची इच्छाही. आश्रमशाळेत जायचे तर पांढरकवडा किंवा पुसद इथल्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडून आधी परवानगी घ्यावी. प्रश्नावलीवर नाव नको. जातीचा प्रश्न शेवटी ठेवावा आणि तो ऐच्छिक असावा. सुरुवातीलाच जात विचारली तर पुढची उत्तरे बदलू शकतात, हे उत्तर प्रदेशातल्या त्या प्रयोगाने शिकवले आहे. ज्या घरात आत्महत्या झाली आहे तिथे पदवीच्या विद्यार्थ्याने एकट्याने प्रश्नावली घेऊन जाऊच नये. ते काम प्रशिक्षित माणसाचे. आणि मदतीचे खोटे आश्वासन कोणालाही द्यायचे नाही.

सर्वांत शेवटचे पथ्य बहुतेक जण विसरतात. निष्कर्ष गावाला परत सांगायचे. यवतमाळवर अभ्यास काही कमी झालेले नाहीत. शेतकरी आत्महत्यांवर २००५ मध्ये मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई उच्च न्यायालयासाठी, तर २००६ मध्ये इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने राज्य सरकारसाठी अहवाल केला. ते मोलाचे आहेत. पण प्रश्न मुंबईत तयार झाले, उत्तरे इथे गोळा झाली आणि अहवाल पुन्हा मुंबईत गेले. आपण उत्तर देणारेच राहिलो. प्रश्न विचारणारा कोण आहे यावर कोणता प्रश्न सुचतो हे ठरते. ‘आत्महत्या का होतात?’ हा बाहेरून येणाऱ्याला सुचणारा प्रश्न. ‘या पाटीखाली आमची पोरे कशी जगतात?’ हा इथल्याच कुणाला सुचेल.

विद्यार्थ्याने कितपत झेप घ्यावी? ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या एका भारतीय विद्यार्थ्याने जातिसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला. जातींविषयी तोवर बरेच लिहिले गेले होते, पण त्यातले पुष्कळसे बाहेरून पाहून लिहिलेले. लहानपणी साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागलेला हा विद्यार्थी आतून पाहत होता, आणि तरीही त्याने गाऱ्हाणे न मांडता युक्तिवाद मांडला. ते भीमराव आंबेडकर. तो निबंध पुढच्या वर्षी छापून आला आणि आजही जगभर वाचला जातो.

प्रत्येकाला तेवढे साधणार नाही. पण सुरुवात सर्वांना करता येते. येत्या आठवड्यात एक वही घ्या. आपल्या गावात, वर्गात, वसतिगृहात कोणाला ‘आपल्यात धरत नाहीत’ ते आठ दिवस नुसते पाहा आणि लिहा. त्यातून एकच प्रश्न निवडा, तो दोन पानांत मांडा आणि आपल्या शिक्षकांकडे न्या. ते म्हणतील, ‘हा प्रश्न फार लहान आहे.’ तेव्हा त्यांना सांगा, ‘सर, लहान आहे, पण आमचा आहे.’

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)